काळा फुगा

"हे तुम्हांला खरं वाटणार नाही," फुगेवाले म्हणाले, "आणि वाटलंच तर मला वाईट वाटेल. आजवर मारलेल्या सगळ्या थापा पाण्यात गेल्या असं होईल."

चष्मेवाल्या बाईंनी पर्स मांडीवर घेतली. दुपारचे साडेतीन वाजले होते. दुकान साडेचारला उघडायचं होतं आणि फुगेवाल्यांचं घर दुकानापासून चौथं, म्हणून चष्मे द्यायला त्या स्वतःच आल्या होत्या.

चष्मे दोन होते. एक फुगेवाल्यांचा. दुसराही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांचाच. "जुनी फ्रेम आहे, काच तडकली, होती त्याच नंबरची घाला," असं सांगून त्यांनी तो गेल्या आठवड्यात दुकानात ठेवला होता. बाईंनी तडकलेली काच यंत्राखाली धरून नंबर काढला. फुगेवाल्यांचा नंबर उणे, हा अधिक, आणि चांगलाच जाड. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतरही कमी होतं, एखाद्या अरुंद चेहऱ्याचं असावं तसं. बिजागरीत एक लांब पांढरा केस अडकला होता, आणि फुगेवाल्यांच्या डोक्याचा आणि केसांचा संबंध सुटून तीस वर्षं झाली होती. बाईंनी तो केस चिमट्याने काढला आणि काही विचारलं नाही. दुकानात रोज लोक डोळे तपासायचा तक्ता पाठ करून येतात आणि न दिसणाऱ्या ओळी घडाघडा म्हणून दाखवतात. बाई त्यांनाही लगेच काही म्हणत नाहीत. तक्ता बदलतात, एवढंच.

फुगेवाल्यांनी आयुष्यात फुगा विकला नव्हता. चित्रकथांच्या एका साप्ताहिकात पात्रांच्या तोंडातून निघणाऱ्या फुग्यांत अक्षरं लिहायचं काम त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं. त्यांनी एका कावळ्याला शुद्धलेखन शिकवलं होतं आणि तो शेवटपर्यंत ऱ्हस्व-दीर्घात कच्चा राहिला, हे गल्लीत सगळ्यांनी ऐकलेलं होतं. त्यामुळे बाई अर्ध्या कानाने ऐकत होत्या आणि पूर्ण डोळ्यांनी बघत होत्या.

खोली नीटनेटकी होती. खिडकीशी लिहायचा उतरता फळा, त्यावर टाक, कोरडी पडलेली दौत. भिंतीवर लंबकाचं घड्याळ. आईवडिलांच्या फोटोंच्या मधोमध, त्यांच्याइतक्याच चांगल्या चौकटीत, एका उंच कपाळाच्या माणसाचं रंगीत चित्र. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दाराच्या आतल्या अंगाला खिळ्यावर काहीतरी टांगलं होतं. इथून फक्त दोरी आणि पुठ्ठ्याची एक कड दिसत होती. घरात गरम दुधाचा वास होता.

"हे कोण?" बाईंनी चित्राकडे बोट केलं.

"आमचे उपकारकर्ते," फुगेवाले म्हणाले. "डॉक्टर भूल."

डॉक्टर भूल हा त्या साप्ताहिकातला खलनायक. आधी इस्पितळात भूल द्यायचा. मग त्याला कळलं की औषधाची गरजच नाही, नुसतं बघून एक शब्द म्हटला की माणूस ऐकतो. तो पहारेकऱ्याला म्हणायचा 'उघड', पहारेकरी तिजोरी उघडायचा. महापौरांना म्हणायचा 'नाच', की महापौर भर सभेत नाचायचे. दर आठवड्याला शहर त्याच्या मुठीत जायचं आणि शेवटच्या पानावर एक पोलादी चिलखतातला वीर ते सोडवायचा.

"चित्रकार डोळे असे काढायचा की बघणाऱ्याला घाम फुटावा. सगळ्यांना वाटायचं, जादू डोळ्यांत आहे." फुगेवाल्यांनी नवा चष्मा लावून बघितला, काढला, परत लावला. "वा, काय स्वच्छ दिसतंय हो. तुमची मुंगीसुद्धा दिसली."

"माझी कुठली मुंगी?"

"पर्सवर आहे. तर, जादू डोळ्यांत नव्हती. फुग्यात होती."

बाकीच्यांचे फुगे पांढरे आणि अक्षरं काळी. डॉक्टर भूलचा फुगा काळा आणि आतला शब्द पांढरा, ही कल्पना फुगेवाल्यांचीच. पण पांढरी शाई काळ्यावर नीट बसत नसे, वाळली की पापुद्रे सुटायचे. म्हणून ते तो शब्द लिहायचेच नाहीत. शब्दाची जागा सोडून भोवतीचं काळं भरायचे. आधी कडा, मग काने-मात्रांच्या मधल्या फटी, मग सगळा फुगा. काळं भरून झालं की शब्द उरायचा.

"उरायचा. नीट लक्षात घ्या. लिहिलेल्या शब्दाला कोणीतरी मालक असतो. हा कोणी लिहिलेलाच नाही."

बाईंनी मान हलवली. पर्सवर खरंच मुंगी होती.

काळा फुगा सुरू झाला त्याच वर्षी अक्का आजारी पडल्या. अक्का म्हणजे फुगेवाल्यांची बहीण, अठरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला अक्कांनीच वाढवलं, आणि त्याच्या पायी स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. छापून आलेल्या अंकाची पहिली प्रत ते आधी अक्कांना दाखवायचे. अक्का जाड भिंगाचा चष्मा लावून फुग्यांतली अक्षरं तपासायच्या आणि वेलांटी वाकडी दिसली तर आठ दिवस बोलून दाखवायच्या. तापातून त्या उठल्या, पण अन्नावरची वासना उडाली. समोर ताट आलं की भिंतीकडे तोंड करायच्या. बारा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर आठवडा काढणार नाहीत.

"आणि मला त्याच दिवशी पान पुरं करायचं होतं. डॉक्टर भूल पोलादी वीराला म्हणतो, 'ठेव.' म्हणजे हातातलं हत्यार खाली ठेव. एवढंच. मी बसलो काळं भरायला. हात चालत होता आणि डोक्यात अक्काचं ताट. ती जेवेल का, कशी जेवेल, कोण भरवेल. पान छापखान्यात गेलं."

अंक आला तेव्हा संपादकबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

पानभर डॉक्टर भूल. डोळ्यांतून ज्वाळा. समोर गुडघ्यावर आलेला वीर. आणि काळ्या फुग्यात पांढरं स्वच्छ अक्षर: 'जेव'.

"शहर गिळायला निघालाय की याला जेवायला वाढायला?" संपादकबाई म्हणाल्या. "आई आहे का तो त्याची?"

फुगेवाल्यांनी खाली मान घातली. अंक सगळीकडे गेला होता. नोकरी जाणार असं धरूनच ते घरी आले, आणि निदान अक्का हसेल म्हणून अंक तिच्या हातात दिला. अक्कांनी चष्मा लावला. पान उलटलं. त्या फुग्यावर त्यांचा डोळा थांबला आणि बराच वेळ हलला नाही.

"तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हेच घड्याळ. अक्काने अंक बाजूला ठेवला आणि म्हणाली, 'अरे, मला वाढ.'"

फुगेवाल्यांनी चष्मा पुसला, तो पुसायची काही गरज नव्हती.

"बाई, मी थापाड्या माणूस आहे. पण त्या दिवशी मी दाराआड उभा राहून रडलो, ही थाप नाही."

ही थाप नव्हती. बाईंना ते कळलं. माणसाला खरंच ओळ दिसत असते तेव्हा तो अशीच सावकाश वाचतो.

पुढच्या आठवड्यात कचेरीत पत्रं यायला लागली. डॉक्टर भूल यांचे मनापासून आभार, आमची धाकटी दोन महिन्यांनी पोटभर जेवली. डॉक्टर भूल यांना आमच्या घरातर्फे धन्यवाद, सासूबाईंनी ताट स्वच्छ केलं. संपादकबाईंनी पोतंभर पत्रं फुगेवाल्यांच्या फळ्यावर ओतली आणि नोकरीचा विषय परत काढला नाही.

"खलनायकाला एवढे आशीर्वाद मिळालेले मी कुठे पाहिले नाहीत," फुगेवाले म्हणाले. "म्हणून ते चित्र तिथे. आईवडिलांनी जन्म दिला, यांनी अक्का दिली."

"मग पुढे?"

"पुढे ती जेवत राहिली."

त्यांनी हे ज्या तऱ्हेने म्हटलं, त्यामुळे बाईंनी पर्सवरची मुंगी झटकायचं थांबवलं.

अक्का रोज चार वाजून दहा मिनिटांनी जेवायच्या. दुपारचं जेवण झालेलं असलं तरी. पोट बिघडलेलं असलं तरी. एकदा त्या बसच्या थांब्यावर होत्या, जवळ खायला काही नव्हतं. त्यांनी हातातलं जुनं तिकीट खाल्लं, आणि मग पिशवीच्या बंदाचं टोक चावत घरी आल्या. घरी आल्यावर स्वतःच खूप हसल्या.

पत्रंही बदलली होती. 'धाकटी अजून त्याच वेळेला जेवते. झोपेत असली तरी तोंड हलवते. आता पुरे म्हणायला काय करावं, हे डॉक्टर भूल यांना विचारून कळवावे.' अशी पंधरावीस आली. संपादकबाईंनी ती छापली नाहीत.

"त्या मुलांचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मोठी झाली असतील," फुगेवाले म्हणाले. "खात्यापित्या घरची."

ते हसले नाहीत.

"आणि तुम्हांला कधी काही झालं नाही?"

"मी तो शब्द वाचतच नव्हतो ना. मी फक्त भोवतीचं काळं बघायचो."

घड्याळात चार वाजले. लंबकाच्या आवाजाने फुगेवाल्यांनी तिकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे, मग परत बाईंकडे. त्यांचं बोलणं जरा भरभर व्हायला लागलं.

अक्का त्र्याऐंशी वर्षांच्या झाल्या तेव्हा छातीत कफ भरला. डॉक्टर आले, नाडी धरून बसले, आणि छाती तपासायची नळी गुंडाळून बॅगेत ठेवली. फुगेवाल्यांना जे काय ते कळलं. अक्कांचे डोळे उघडे होते. फुगेवाले खिडकीपाशी आले, एक पुठ्ठा घेतला आणि काळं भरायला बसले. पुठ्ठा नेऊन अक्कांच्या डोळ्यांसमोर धरला.

"काय शब्द होता?"

"राहा."

बाईंनी उतरत्या फळ्याकडे बघितलं.

"डॉक्टर दारापर्यंत पोचले नव्हते," फुगेवाले म्हणाले, "तोवर अक्काने श्वास घेतला."

डॉक्टर परत आले, नळी बाहेर काढली, छातीला लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मग निघून गेले आणि पुन्हा कधी त्या घरी आले नाहीत.

"मी किती ऋणी आहे हे सांगता येणार नाही. एका माणसाने मला माणूस केलं आणि त्या माणसाला मी जाऊ दिलं नाही. किती जणांना जमतं हे?"

"आणि त्यांना काय वाटलं?"

फुगेवाल्यांनी कोरडी दौत उचलली, हलवली, परत जागेवर ठेवली.

"वर्षभराने म्हणाली, 'सोड रे मला आता.' नजर अशी झाली होती, बाई, काचेसारखी. झोप नाही. दुखणं नाही. नुसती राहायची." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "मग मीही शहाण्यासारखं वागलो. दुसरा पुठ्ठा घेतला. त्यावर 'जा' शब्द उरवला. तिला दाखवला. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली. अगदी सुखाने गेली. एकवीस वर्षं झाली. दोन्ही पुठ्ठे मी त्याच दिवशी जाळले. संपलं."

ते शेवटची ओळ पाठ म्हणत होते. घडाघडा, न अडखळता.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली.

आत, अर्धवट उघड्या दारामागे, वाटीत चमचा वाजला.

फुगेवाले मोठ्याने म्हणाले, "चष्मे मात्र फार सुरेख केलेत. तुमचे उपकार आहेत."

चमचा पुन्हा वाजला. सावकाश. मग पुन्हा, तेवढ्याच अंतराने.

बाईंनी दाराच्या आतल्या अंगाला टांगलेल्या पुठ्ठ्याच्या कडेकडे बघितलं. कड काळी होती.

त्यांनी दुसरा चष्मा डबीतून काढला, उघडला आणि उतरत्या फळ्यावर, काचा दाराकडे करून, ठेवला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही 'जा' लिहिलंच नाहीत."

आतला चमचा थांबला.