भिंतीवरचा चौथा नाग

तारनाक्याच्या त्या घरात मी पाऊल टाकलं, त्या दिवशी जयवंताकाकूंनी मला चहाच्या आधी विळी दिली.

मॉरिशसहून मुंबई, मुंबईहून रात्रभर रेल्वे आणि सिकंदराबादहून तारनाक्यापर्यंत ऑटो असा प्रवास करून मी आले होते. जुलै १९९४. विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, पण मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती. विभागप्रमुखांनी एक मराठी कुटुंब शोधून दिलं. एकनाथराव रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क, मूळचे उदगीरकडचे शेतकरी. त्यांची बायको जयवंता. मुलगी सुप्रिया संख्याशास्त्राला, माझ्याच वयाची. माझी मराठी आजोबांनी शिकवलेली, पेटीतल्या लुगड्यासारखी घडी न मोडलेली. ती ऐकून सुप्रिया पहिल्याच मिनिटाला खुदकन हसली आणि आमचं जमलं.

"त्रिवेणी, दोडके हैत. चिरतीस का माय?" काकू म्हणाल्या.

पाहुण्याला आल्या आल्या कुणी भाजी चिरायला बसवतं का? मला मात्र ते फार आवडलं. वाटलं, आपलं मानलं. मी पदर खोचावा तशी ओढणी खोचून विळीवर बसले.

त्यांनी मला मुळीच आपलं मानलं नव्हतं, हे कळायला महिना लागला.

त्या घरात कुणी काही कापत नसे. कांदा बुक्कीनं फोडायचा, पालेभाजी खुडायची, दोरा दातानं तोडायचा. लिंबूसुद्धा बत्त्यानं ठेचून पिळायचं. नखं सगळे लहान मुलांसारखे कुरतडत. एकनाथरावांची दाढी कोपऱ्यावरचा न्हावी करी. माझ्याआधी गंगू नावाची बाई रोज येऊन भाजी चिरून द्यायची. ती गुडघे धरून गावी गेली आणि तिच्या जागी मी आले.

"असं का काकू?" मी विचारलं.

"घरच्यानं कापायचं न्हाई. पाहुण्याचं चालतं."

"आणि घरच्यानं कापलं तर?"

"मोडावं, तोडावं, ठेचावं. कापायचं तेवढं नक्को." त्यांनी विषय तिथेच मिटवला.

नागपंचमीला चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, हे माझी आजीही पाळायची. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं सापडली आणि नागिणीनं त्याच्या घरादारावर सूड घेतला, ती कहाणी आमच्या बेटावरही पोचलेली होती. पण आजीची नागपंचमी वर्षातून एकदा येई. इथे ती बारा महिने होती. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मनातल्या मनात हसले आणि भाजी चिरत राहिले.

हसू येत नव्हतं ते दुसऱ्या एका गोष्टीचं. तिघं पितळी ताटांत जेवत, मला स्टीलचं वेगळं ताट. मी एकदा काकूंना चुकून 'आई' म्हणाले, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आणि दर सोमवारी सकाळी मला बॅग घेऊन फाटकाबाहेर उभं राहावं लागे. काकू माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकत, पायांवर पाणी घालत आणि म्हणत, "या पाहुण्या, घरात या." दर सोमवारी! शेजारचे कौतुकानं बघत. पहिल्यांदा मलाही कौतुक वाटलं. तिसऱ्या सोमवारी रडू आलं. घरापासून समुद्रापलीकडे आलेल्या मुलीला कुणी पुन्हा पुन्हा पाहुणी म्हणू नये.

सुप्रियाला म्हटलं, तर ती म्हणाली, "पाहुणी हैस ते बरं है गे. मला एक भाऊ होता, विकास. डॉक्टरकी शिकायला गेला."

"वारला?"

"नाही. इथं त्याच्या नावानं आंघोळ केली सगळ्यांनी. तेव्हापासून तो आमचा न्हाई."

त्या वेळी मी एकनाथरावांच्या अंगावरच्या खुणेचा आणि विकासचा संबंध लावला नाही. सकाळी ते उघड्या अंगानं तुळशीला पाणी घालत. गळ्याच्या खळगीपासून बेंबीच्या खालपर्यंत एक सरळ, पांढरी रेघ. मला वाटलं, मोठं ऑपरेशन झालं असेल. असं ऑपरेशन कुणी करत नाही, एवढं मलाही कळायला हवं होतं.

मग नागपंचमी आली.

काकूंनी सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर गंधानं नाग काढले. घरात जितकी माणसं, तितके नाग, अशी त्यांची रीत. पहिला एकनाथरावांचा, दुसरा स्वतःचा, तिसरा सुप्रियाचा. त्यापुढे हातभर जागा चुन्यानं जाड लिंपलेली होती. चुलीवर पुरणाची दिंडं वाफवत होती. गूळ आणि हळदीच्या पानाचा वास भरला होता. काका कचेरीत गेले, मायलेकी लाह्या-दूध घेऊन रेल्वेलाइनकडच्या वारुळाला. मला नेलं नाही. पाहुणी ना मी.

शेजारी नव्यानं घेतलेल्या केबलवर मोठ्यानं गाणी लागली होती. मी भिंतीसमोर उभी राहिले. आजी आमच्या अंगणात अशीच नाग काढायची आणि माझ्या नावाचा सगळ्यांत लहान काढायची. वाटीत गंध उरलं होतं. मी बोट बुडवलं आणि तिसऱ्याच्या शेजारी, चुन्याच्या अलीकडे, चौथा नाग काढला. छान जमला. फण्यावर दहाचा आकडासुद्धा दिला.

काकू परतल्या, त्यांनी भिंतीकडे पाहिलं, हातातलं ताम्हन टाकलं आणि माझ्या थोबाडीत मारली.

मला कधी कुणी मारलं नव्हतं. कानात शिट्टी वाजत होती. काकू पदरानं भिंत पुसत होत्या, मग पाण्यानं, मग विटेच्या तुकड्यानं खरवडत होत्या. त्यांच्या बोटांची सालटं निघाली. भिंतीचा पोपडा निघाला. पोपड्याखाली विटेवर तोच नाग होता, ओल्या गंधाचा.

"आता झालीस घरची," काकू खाली बसून म्हणाल्या. "आता कायसुदा कापू नक्को. उद्या कॉलेजला जाऊ नक्को. पाया पडते तुझ्या."

"झाले ना घरची? मग बरंच झालं," मी म्हणाले. गाल जळत होता आणि मी हट्टी आहे. सुप्रिया दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. ती मान मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी मी उठून मुद्दाम कॉलेजला गेले.

त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं भोपळ्याच्या वेलाचे आडवे छेद घेण्याचं. डाव्या हाताच्या चिमटीत देठ धरायचं, उजव्या हातात ब्लेड, आणि कागदाहून पातळ चकत्या पाण्यात सोडायच्या. दहा वाजून दहा मिनिटांनी सुरुवात केली. माझा हात त्या दिवशी विलक्षण चालत होता. देठ ब्लेडखाली जराही करकरत नव्हतं; मऊ होतं आणि कोमट. सरांनी येऊन पाहिलं, म्हणाले, असे छेद पाच वर्षांत कुणी घेतले नाहीत. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. दोननंतर आणखी सात घेतले. एकूण बावीस. चकत्या ठेवलेल्या बशीतलं पाणी लालसर दिसलं, तेव्हा मी वर पाहिलं. छेद रंगवायच्या लाल रंगाची बाटली अजून बंद होती.

मी ब्लेड खाली ठेवलं आणि निघाले. विभागापासून तारनाक्याचं घर वीस मिनिटांवर. मी धावत गेले.

फाटक उघडं होतं. बाहेर ऑटो उभी होती, इंजीन चालू. ओसरीवरून स्वयंपाकघरापर्यंत रक्ताळलेली पावलं गेली होती, काकूंची.

सुप्रिया भिंतीला टेकून बसली होती. डावा हात मांडीवर. मनगटापासून कोपरापर्यंत, सगळीकडून गोल फिरून आलेल्या जखमा, एकसारख्या अंतरावर. बांगड्या भराव्यात तशा. काकू दोन्ही मुठींनी तो हात आवळून धरत होत्या आणि मुठींतून रक्त गळत होतं. चुलीजवळ तीन चादरी पडल्या होत्या, तिन्ही भिजलेल्या. घरात विळी सोडून धारेचं काही नव्हतं, आणि विळी कोपऱ्यात कोरडी होती.

सुप्रियानं डोळे उघडले. संख्याशास्त्राची मुलगी, तिला मोजायची सवय.

"बावीस," ती म्हणाली. "बरोबर?"

मी तिच्याजवळ खाली बसले.

"दहा-दहाला सुरू झालं. मी हात धरून ठेवला, तर माझ्या तळव्याखाली उघडली एक," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आश्चर्यानं भरलेला होता. "दीडला थांबलं. आमाला वाटलं, संपलं. तिला भात भरवला. दोनला परत."

भात. मी तेव्हा कँटीनमध्ये इडली खात होते.

एकनाथराव आतून आले. कुणीतरी फोन केला म्हणून ते कचेरीतून ऑटो घेऊन आले होते. त्यांनी सुप्रियाला लहान मुलीसारखं उचललं, ऑटोत ठेवलं, काकूंना बसवलं. "तुमी व्हा पुढं. मी आलोच."

ऑटो गेली. ते परत आत आले आणि त्यांनी दार लावलं.

"काका, मी पुन्हा कधी नाही कापणार. शप्पथ घेते. आजोबांची शप्पथ."

"विकासनंही शब्द दिला होता," ते म्हणाले. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "हे त्याच्या कॉलेजातलं. टेबलावरच्या मढ्यावर पहिल्यांदा सुरी चालवली त्यानं. मी हितं जेवायला बसलो होतो."

मी दाराकडे धावले. त्यांनी माझं मनगट पकडलं. ते साठीला आलेले, हडकुळे गृहस्थ. पण ती पकड वेगळीच होती. माझा उजवा हात त्यांनी पाट्यावर दाबला आणि वरवंटा उचलला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मोडलेलं चालतं माय," ते म्हणाले. "माफ कर."

पहिल्या घावाला अंगठा गेला.

दुसऱ्याला तर्जनी.

हाड मोडण्याचा आवाज ओल्या काटकीसारखा असतो. मी किंचाळत होते आणि शेजारी गाणी चालू होती. त्यांनी वरवंटा धुतला, जागेवर ठेवला, माझ्या हाताला स्वतःचं धोतर फाडून बांधलं. कापून नाही, फाडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी माझ्या नावानं आंघोळ केली. सुप्रियानंही, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला हात वर धरून. मी ओसरीवर बॅग घेऊन बसले होते. आतून पाणी ओतल्याचे आवाज ऐकू येत होते. मी निघाले तेव्हा कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मेलेल्या माणसाकडे कोण पाहणार? फाटकापाशी मात्र काकूंचा आवाज आला, अगदी हळू. "जप माय."

घरी मी सांगितलं, बसच्या दारात हात सापडला. पदवी राहिली ती राहिलीच. आता मी मॉरिशसमध्येच, वाक्वा गावच्या एका शाळेत मराठी शिकवते. दोन बोटं वाकडी आहेत. खडू धरता येतो. नऊ वर्षांत मी एकही गोष्ट कापलेली नाही. भाजी माझा नवरा चिरतो आणि मला हसतो. त्याचा नाग कुठल्याही भिंतीवर नाही, तेव्हा त्याला हसू दे.

सुप्रियाचं पत्र दर श्रावणात येतं. दोन ओळींचं. 'सगळे बरे. तुझा अजून आहे, चुना रोज लावतो.' आंघोळीनं मी त्यांची राहिले नाही, असं मला कधीच वाटलं नाही, आणि देवा, त्याचा मला आनंदही व्हायचा. केवढा हव्यास होता मला कुणाची तरी व्हायचा.

यंदाच्या पत्रात तिसरी ओळ होती. 'तुझ्या शेजारी एक लहान उमटलाय. मुलीला सांभाळ.' म्हणजे भिंतीवर आता ओळीनं पाच: काका, काकू, सुप्रिया, मी आणि ती.

माझी मनीषा पाच वर्षांची आहे. मी त्याच दिवशी तिच्या शाळेत जाऊन सांगून आले, हिच्या हाती कात्री द्यायची नाही. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

आज त्या बाई रजेवर होत्या. मनीषा दुपारी उड्या मारत आली आणि तिनं पाठीमागे लपवलेलं माझ्यासमोर धरलं. घडी घालून केलेली कागदाची माळ. हातात हात घातलेल्या पाच बाहुल्या.

"मी एकटीनं केलं, आई! नव्या टीचरनी कात्री दिली."

"छान आहे," मी म्हणाले.

"एकीचं डोकं चुकून कापलं गेलं. पण मी डिंकानं चिकटवलं ना."

हॉलमधला फोन वाजत होता. मी माळ टेबलावर सरळ केली. डावीकडून त्या चिकटवलेल्या बाहुलीपर्यंत मोजलं. मग उजवीकडून मोजलं.

दोन्हीकडून ती तिसरीच आली.