एका कागदाची फट

मी गोदामात पोचले तेव्हा एक माणूस माझ्या मशीनला टेकून उभा होता.

माझं म्हणजे, सकाळीच फोनवर पक्कं केलेलं. चामड्याची कड तासून पातळ करायचं मशीन. त्यात वाटीएवढं गोल पातं गरगर फिरतं, वरून एक लोखंडी पाय चामडं दाबून धरतो, खालचा दगडी रोलर ते पुढे ढकलतो आणि जाड कड पातळ होऊन बाहेर पडते. जुनं होतं, रंग उडालेला होता, पण मला रंगाशी काय करायचं होतं?

“जरा बाजूला होता का? मला हे न्यायचंय.”

“न्या ना,” तो अगदी शांतपणे म्हणाला. “फक्त टेबल ठेवून जा. ते माझं आहे.”

मला वाटलं, थट्टा करतोय. पण गोदामवाला मान खाजवायला लागला. त्या धंद्यात मशीन वेगळं आणि मोटर लावलेलं टेबल वेगळं विकतात. या गृहस्थाने टेबल आधीच घेऊन ठेवलं होतं, आणि मशीनचं ‘विचार करून कळवतो’ म्हणून घरी गेला होता. तेवढ्यात मी फोन केला. मी विचार वगैरे करत बसत नाही. त्यामुळे आता मशीन माझं, मोटर त्याची, आणि एकाचा दुसऱ्यावाचून काडीचा उपयोग नाही!

“दुसरं टेबल नाही का हो?” मी विचारलं.

“दुसरं मशीन?” त्यानेही विचारलं.

गोदामवाल्याने दोन्हींना नकार दिला आणि वर सल्ला दिला, “मिळून वापरा की! भांडताय कशाला?”

तो बुकबाइंडर होता. पुस्तकांच्या चामडी पुठ्ठ्यांसाठी त्याला हे हवं होतं. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि एवढं लोखंड वर चढवायला कोणी तयार होईना. माझं पिशव्यांचं दुकान तळमजल्यावर. म्हणून मशीन माझ्याकडे आलं, आणि मशीनमागून तोही.

मला मशीन पिशव्यांसाठी नको होतं, आईसाठी हवं होतं. साखरेच्या आजाराने तिच्या पायांची जाणीव गेली होती. बुटाच्या आतली एक शिवण तिला दिवसभर घासत राहिली आणि तिला पत्ताच नाही. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. ती जखम भरायला कित्येक महिने गेले. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, पुन्हा अशी जखम झाली तर बोटं वाचतील याची खात्री नाही. तेव्हापासून आई दुकानामागच्या आमच्या खोलीत, खिडकीतल्या खुर्चीत बसून होती. जन्मभर पायाला भिंगरी लावून फिरलेली बाई! तिच्यासाठी मी स्वतः बूट शिवणार होते. आतलं अस्तर असं, की दोन तुकड्यांचा जोड कुठे आहे ते सांगता येऊ नये. हाताने तासताना माझी सुरी नेमकी शेवटच्या क्षणी डगमगायची.

“जोडायचं कसं माहीत आहे का?” मी विचारलं.

“नाही,” टेबलवाला म्हणाला. “तुम्हाला?”

“नाही.”

“मग बरं आहे. भांडण तरी होणार नाही.”

झालंच. पट्टा सरळ बसेना, मशीन थरथरायला लागलं, आणि मी तासायला सरकवलेल्या पहिल्याच तुकड्याचा पार चोथा झाला. मी दाबाचा पाय आणखी खाली करायला स्क्रू फिरवणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला. पटकन सोडलाही.

“थांबा… पाय पात्याला टेकला तर धार गेली.”

“मग किती वर ठेवायचा? कुठे लिहिलंय?”

त्याने खिशातून कागदाची एक पट्टी काढली, पाय आणि पातं यांच्यामध्ये सरकवली आणि स्क्रू हळूहळू आवळत गेला. पट्टी किंचित अडली, पण ओढल्यावर निघाली. “एका कागदाची फट,” तो म्हणाला. “आमच्याकडे सगळं कागदाने मोजतात.”

त्याच्या हाताला खळीचा वास होता. मी मुद्दाम पट्ट्याकडे बघत राहिले.

त्याला चामड्याच्या कडेला रुंद, लांब उतार लागायचा आणि मला अरुंद. म्हणून स्क्रूवर खुणा केल्या. माझी लाल, नेलपॉलिशची. त्याची निळी, पेन्सिलीची. त्याने सकाळी लवकर येऊन काम करायचं, मी दुपारपासून. जाताना तो स्क्रू माझ्या खुणेवर आणून ठेवायचा. मी त्याच्या खुणेवर ठेवायला दर वेळी विसरायचे. त्याने एकदाही तक्रार केली नाही, याचाच मला राग यायचा.

“तुम्हाला कधी राग येत नाही का हो?”

“येतो. यायला थोडा वेळ लागतो.”

“तोपर्यंत समोरचा माणूस निघून जात असेल!”

“तुम्ही कुठे गेलात?” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले तसा पात्यावरची धूळ पुसत बसला. आतल्या खोलीतून आईचं हसू ऐकू आलं.

बूट झाले. आईने पायात घातले, दारापर्यंत गेली, तिथून कोपऱ्यापर्यंत, आणि मग आम्हाला न जुमानता थेट बाजारात. परत आली ती दोन्ही हातांत भाजी घेऊन. तिचा चेहरा इतका उजळला होता, की मला भरून आलं.

संध्याकाळी मी तिचे मोजे काढले. उजव्या पायाच्या कडेला एक लाल रेघ होती.

“दुखत नाहीये गं,” आई म्हणाली.

“तेच तर ना!” मी ओरडले. तिने बूट उचलून स्वतःच खुर्चीखाली सारले.

सकाळी तो आला तेव्हा मी दारातच उभी होते. “तुम्ही स्क्रू फिरवून गेलात. नक्की तुम्हीच. तुमच्या पुस्तकांना काय, दुखत नाही!”

त्याने एकदा मशीनकडे पाहिलं. स्क्रू बरोब्बर लाल खुणेवर होता. मलाही ते दिसलं. “बूट आणा,” एवढंच म्हणाला.

त्याने अस्तर उसवलं, डोळे मिटले आणि तासलेली कड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून सावकाश ओढली. एका जागी थांबला. “इथे आहे.”

मी बोट फिरवलं. “काही नाही.”

“आपली बोटं निबर झालीत. हात द्या… डोळे मिटा.”

मी मिटले. मनगटावरून चामडं सरकत गेलं, मऊ, मऊ, आणि मग केसाएवढा एक उंचवटा. “आहे,” मी म्हणाले. त्याचा अंगठा माझ्या नाडीवर होता आणि मला एकाच वेळी आईच्या पायाची भीतीही वाटत होती आणि तो अंगठा तिथेच राहावा असंही वाटत होतं.

दोष खालच्या रोलरमध्ये निघाला. त्याने पोलादी पट्टी रोलरवर आडवी ठेवली. मधोमध उजेडाची बारीक फट दिसली. आधीच्या मालकाकडे वर्षानुवर्षं चालून दगड तिथे झिजला होता. तेवढ्या जागी चामडं पात्यापर्यंत उचललंच जात नव्हतं आणि तासायचं राहून जात होतं. कुरुंदाच्या, म्हणजे घासायच्या कठीण दगडाच्या कांडीने आम्ही तो घासायला बसलो. मी थकले की तो, तो थकला की मी. उजेडाची फट पुरती जाईपर्यंत पट्टी पुन्हा पुन्हा ठेवून पाहिली, मग धार लावली, मग कागद सरकवून पाय बसवला.

“माफ करा,” मी म्हणाले. “सकाळी मी…”

“मला अजून राग आलेला नाही,” तो म्हणाला. “आला की सांगतो.”

त्यानंतर मी अस्तराचे तुकडे नव्याने तासायला घेतले. घाई केली नाही. थोडे तासायचे, टेबलावर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी बघायचे. त्याच सुमाराला गोदामवाल्याचा फोन आला. दुसरं मशीन आलंय, बाइंडरला हवं असेल तर घेऊन जाऊ दे. मी निरोप दिला. न देऊन कसं चालेल?

“विचार करून कळवतो,” तो म्हणाला. एरवी त्याच्या या वाक्याला मी हसले असते, आज हसू आलं नाही.

नवीन अस्तराचे बूट घालून आई पुन्हा बाजारात गेली. त्या दिवशी त्याचं दुकानात काहीही काम नव्हतं. तरी तो आला आणि स्वच्छ असलेलं पातं पुन्हा पुसत बसला. आई परतली, दुकानातल्याच खुर्चीत बसली, आणि आज तिने मोजा स्वतःच काढला. मी तिचा पाय मांडीवर घेतला. टाच, कडा, प्रत्येक बोटाची बेचकी. कुठे काही नाही. मी पुन्हा सगळं पाहिलं आणि तिच्या पावलावर डोकं टेकून रडले.

“अगं, पाय धुतले नाहीयेत मी,” आई म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. “टेबलवाल्या, तू काय लांब बसलास? ये, बघ.”

तो जवळ येऊन वाकला. पाय नीट बघायला त्याने बाह्या वर केल्या, तेव्हा मला त्याचं मनगट दिसलं. आतल्या बाजूला बारीक लाल रेघा, एकीवर एक. काही जुन्या, काही ताज्या.

“हे काय?”

त्याने बाही खाली ओढली. “काही नाही. तुम्ही तासून ठेवायचात ना… सकाळी मी एकेक तुकडा लावून बघायचो. जिथे टोचलं तो बाजूला काढायचो.” मग आईकडे न बघता म्हणाला, “त्यांना कळत नाही ना. कोणाला तरी कळायला हवं.”

आई उठली, पाणी प्यायला म्हणून आत गेली. तिला तहान लागली नव्हती, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

“त्या दुसऱ्या मशीनचा विचार झाला का?” मी विचारलं.

“चाललाय.”

“मी विचार करत नाही. सरळ सांगते. टेबल नेऊ नकोस… तूही जाऊ नकोस. मला तू आवडतोस. इथे हवा आहेस, रोज.”

“मला ‘तू’ म्हणालीस,” तो हळूच म्हणाला.

“राग आला?”

“नाही.” तो माझ्याकडे बघत होता, या वेळी पातं पुसायला वळला नाही. “ते मशीन मी त्याच दिवशी नको म्हणून कळवलंय. तेवढ्यापुरता विचार लवकर झाला.”

टेबलावर अस्तराचा एक तुकडा उरला होता. मी त्याचं मनगट हातात घेतलं, रेघा चुकवून कड अगदी अलगद फिरवली.

“टोचतंय?”

त्याने डोळे मिटले होते. “नाही.”

“खरं सांग.”

“पुन्हा लाव,” तो म्हणाला. “विचार करून सांगतो.”