‘वाळ्याचे पडदे’, बाजू दुसरी

वैदेहीच्या वर्तमानपत्रात दर मे महिन्यात वाचकांना एकच प्रश्न विचारत: उन्हाळ्याच्या दुपारी तुम्ही कोणता अल्बम ऐकता? कोणी गझला कळवी, कोणी सतार, कॉलेजातली पोरं भलतंच काही. त्यातले दहा निवडायचे, गायक आणि साल तपासायचं, एवढं तिचं काम. तपासल्याशिवाय ती ओळही छापत नसे.

यंदा तीन पत्रांत एकच नाव आलं. ‘वाळ्याचे पडदे’. पत्रं लिहिणारे एकमेकांना ओळखत नव्हते. इंटरनेटवर असा अल्बम सापडेना. सदर बाजारातल्या जुन्या कॅसेटवाल्यानंही नकारार्थी मान हलवली. तिनं तिघांना फोन लावले. एकानं सहा गाणी सांगितली, दुसरीनं नऊ. गाणारी बाई आहे, यावर मात्र एकमत.

“शब्द आठवत नाहीत हो,” सुभद्रा नावाच्या शिक्षिका म्हणाल्या. “पण ऐकलं की घरी आल्यासारखं वाटतं.”

तिघांपैकी कॅसेट फक्त जरीपटका भागात राहणाऱ्या चंपतरावांकडे होती. वीज खात्यातून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. मंगळवारी दुपारी दोनला वैदेही तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघाली. धरमपेठेतल्या घरात ती आणि तिची आई यमुताई, दोघीच. “एवढ्या उन्हात कुठे?” आईनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा वैदेही तिच्यावर खेकसली आणि दार ओढून घेतलं.

“या मॅडम. मले वाटलं, तुम्ही येतच नाही,” चंपतराव म्हणाले. कॅसेटवर ना कंपनी, ना गायिका. निळ्या शाईत फक्त नाव.

“कुठून आणली?”

“आणली कुठं जी? घरातच सापडली. बायको गेली त्या उन्हाळ्यात.”

नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी कूलर बंद केला. तरी कूलरची घरघर ऐकू येतच राहिली. ती टेपमधून येत होती. गवताच्या जाळीवर टपटपणारं पाणी, आणि त्यावर एका बाईचा संथ, शब्दांवाचूनचा सूर. वैदेहीच्या मानेवरचा घाम वाळला. पहिली बाजू कधी संपली, कळलंही नाही.

दुसऱ्या बाजूला, सुरामागून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, “वैदेही, कूलरमध्ये पाणी टाक गं.”

आईचा आवाज.

“हो आई, टाकते.”

हा तिचा स्वतःचा. पण किती मऊ.

“मधे कोणी बोललं?” तिनं कसंबसं विचारलं.

“हो मंग. माही बायको. च्या ठेवू का, म्हन्ते. म्हणून तर रोज ऐकून राहिलो.” चंपतरावांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “काहून? तुमाले दुसरं ऐकू आलं का?”

तिनं टेप मागे घेतली. तोच सूर, पण बोलणं पुढे सरकलेलं.

“पाय चोळून देऊ, आई?”

“दे गं बाई.”

पुन्हा मागे. आता तेलाची बाटली फरशीवर ठेवल्याचा आवाज, आणि आईचं हसू. असं हसताना तिनं आईला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिनं घरी फोन लावला. तो वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

घरी परतताना रस्ते ओस होते, डांबर स्कूटरच्या चाकांना चिकटत होतं. जुनं काही ध्वनिमुद्रण असेल, असं ती स्वतःला समजावत होती. पण आईचे पाय तिनं कधी चोळले होते? आठवेना.

तिनं बेल दाबली.

यमुताईंनी दार अर्धंच उघडलं. दारातल्या बाईकडे त्यांनी परक्याकडे पाहावं तसं, सौजन्यानं पाहिलं.

“कोण हवंय?”

“आई, मी.”

“उन्हातून आलात. बसा, पन्हं देते.”

त्यांची पावलं तेलानं चमकत होती. गुडघे धरल्यापासून त्यांचा हात स्वतःच्या पावलांपर्यंत पोचत नसे.

आतल्या खोलीत बादली ठेवल्याचा आवाज झाला.

“आत कोण आहे?” वैदेहीनं विचारलं.

“मुलगी माझी.” यमुताईंनी आवाज खाली आणला. “फार दिवसांनी धड बोलतेय हो माझ्याशी. तुमचं काही काम असेल तर मला सांगा. तिला हाक मारू नका.”