कँटनचं नाणं

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या. पण विरेशअण्णा माझा सख्खा भाऊ होता आणि यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

२०२३ चा मे महिना. रविवार. दुपारचे तीन. जुळे सोलापुरातलं आमचं घर.

अण्णा शाळेत इतिहास शिकवायचा. जुन्या नाण्यांचं त्याला वेड. त्या दिवशी तो होटगीहून चांदीचं एक चिनी नाणं घेऊन आला. तिथल्या राजाबाई नावाच्या म्हातारीचे आजेसासरे इंग्रजांच्या पलटणीतून चीनला गेले होते, त्यांनी आणलेलं. राजाबाईंनी ते फुकटच दिलं.

"काव्या, बघ की. हा ड्रॅगन. सम्राट क्वांगशूच्या काळातलं, कँटनच्या टांकसाळीतलं. हे बारीक ठसे दिसतात? चांदी खरी आहे म्हणून तिथले व्यापारी मारायचे."

"आणि हा काळा डाग?"

अण्णानं डाग अंगठ्यानं घासून बघितला.

"तिकडं मेलेल्या माणसाच्या तोंडात नाणं ठेवायची रीत होती... पण हे तसलं नसेल."

खरी चांदी खणखणते. ते बघायला त्यानं नाणं फरशीवर टाकलं.

नाणं पडलं...

आवाजच आला नाही.

पंखा फिरत होता, पण त्याची घरघर गेली होती. खिडकीतले पारवे गप्प.

मग... टक्. टक्.

दातांवर धातू आपटावा तसं.

आमची आई, अव्वा, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अण्णा काय चावायलाय गं?"

तो काहीच चावत नव्हता. फरशीकडं बघत होता. नाणं तिथं नव्हतं.

तो माझ्याकडं वळला. तोंड उघडलं...

शब्द फुटला नाही.

डॉक्टर झाले. एक्स-रे झाला. तोंड रिकामं, घसा रिकामा.

अण्णा मात्र पाटीवर लिहायचा, 'तोंडात आहे. काढ.'

मी रोज बॅटरी मारून बघायची. काही नसायचं. फक्त त्याची जीभ... बर्फासारखी गार.

त्याचं जेवण सुटलं, तेव्हा मी होटगीला गेले.

"राजाबाई, नाणं सापडेना. अण्णाची वाचा गेलीय."

म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली.

"माझ्या मालकांचं बी असंच झालं हुतं. ते गेल्यावर नाणं पेटीत सापडलं. लई भ्या वाटायचं गं... म्हणून दिलं तुझ्या भावाला."

"काहीतरी उपाय असेल ना?"

"असता तर मालक गेले असते व्हय?"

मी तशीच परत आले. त्यांच्यावर ओरडायचंही त्राण नव्हतं.

एकोणतिसाव्या दिवशी अण्णा गेला.

जायच्या आधी त्यानं खुणेनं पाटी मागितली. दोन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडं सरकवल्या. मी वाचल्या... आणि पदरानं पुसून टाकल्या.

अव्वा अजून विचारते, "शेवटचं काय लिहिलं हुतं गं त्यानं?"

मी सांगते, "अव्वाची काळजी घे, असं."

पण त्यानं तसं लिहिलं नव्हतं.

'नाण्यातला तो सारखं एक नाव मागत होता.

मी तुझं सांगितलं. माफ कर.'