ताईला दिसलेला किल्ला

चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. समोरच्याचं बोलणं नंतर ऐकू येतं, आधी त्याचे डोळे दिसतात. माझं दुकान खाली, घर वर. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एक उंच खुर्ची आहे आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सगळ्यांत वर पंज्याएवढं एक अक्षर, सगळ्यांत खाली मुंग्यांची रांग. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम ठेवायची, काचा बदलत राहायच्या आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी?" दिवसातून पन्नास वेळा. ताई म्हणते की मी झोपेतही हेच विचारतो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सतरा. शिवणयंत्र चालवून तिने मला वाढवलं, शिकवलं, दुकान घालून दिलं. या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं, माझं जमलं नाही, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. दर वर्षी दुकानाच्या वाढदिवशी ती त्या खुर्चीत ऐटीत बसायची आणि तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचून दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा माझ्याकडून सुईत दोरा ओवून मागितला. मी तिच्या चष्म्याचा नंबर बदलला. तीन महिन्यांनी पुन्हा बदलला, मग पुन्हा. तक्ता ती वाचत होती, त्यामुळे काळजीचं कारण मला दिसलं नाही. अखेर डॉक्टरांकडे नेलं तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग खराब होत आला होता. "आठ महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं," डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले. ताई बाहेर बाकावर बसली होती. ते वाक्य मी तिला सांगितलं नाही.

या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की उरलंसुरलं महिन्या-दोन महिन्यांत जाईल. घरी आल्यावर ताईने पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "मग मला एकदा वर ने."

वर म्हणजे गावामागच्या शिखरावर. तिथे एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तिथून नदी, धरण, गाव, आमची गल्ली असं सगळं एका नजरेत येतं. नजर जायच्या आधी तिला ते एकदा बघायचं होतं. मी ठरवलं, वर नेऊन तिला सगळं दाखवायचं आणि तिथेच ते वाक्यही सांगून टाकायचं.

तीन तासांची वाट चढायला आम्हाला पाच तास लागले. आठवड्यातला कामाचा दिवस होता, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. हवा कोरडी आणि स्वच्छ होती. तिच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझं कोपर. पायऱ्या फुटलेल्या होत्या, मी एकेक सांगत होतो: मोठी, छोटी, हलतेय, डावीकडून.

"तू मला चढवतोयस की कपाट?" ती म्हणाली.

"कपाट बोलत नाही."

"आणि तुझ्यासारखं धापाही टाकत नाही."

किल्ल्याच्या दरवाजाशी आलो. दरवाजा म्हणजे आता दोन खांब. वरची कमान कधीच पडली आहे, तिचे दगड खाली गवतात लोळताहेत. ताईने माझं कोपर सोडलं, मान खाली घातली आणि वाकून आत गेली. डोक्यावर मोकळं आभाळ होतं. मला वाटलं, खांब अंधुक दिसले असतील, म्हणून सवयीने वाकली.

आत गुडघाभर गवताचं पठार होतं. मधूनमधून भिंतींचे पाये वीतभर वर आलेले, बाकी काही नाही. ताईने काठी माझ्या हातात दिली आणि चालू लागली. सरळ गेली, काटकोनात वळली, पुन्हा सरळ गेली. एका ठिकाणी थबकली, अंग चोरून बाजूला झाली आणि पुढे निघाली. वर्षभर घरातल्या घरात टेबलांना ठेचकाळणारी माझी बहीण त्या दगडाधोंड्यांत एकदाही अडखळली नाही.

दरवाजापाशी पुरातत्त्व खात्याचा फलक होता, त्यावर किल्ल्याचा नकाशा. मी नकाशा बघितला, मग ताईकडे बघितलं. नकाशात जिथे भिंत होती तिथे ती वळली होती. तिला आता फलकाचा पत्राही दिसला नसता.

मी तिला गाठलं. "काय दिसतंय?"

"सगळं," ती म्हणाली. "किती स्वच्छ ठेवलंय रे."

हे मला अगदीच अनोळखी नव्हतं. नजर जाऊ लागली की काही जणांना नसलेली माणसं दिसतात, भिंती दिसतात, नक्षी दिसते. डोळा कोरी जागा पाठवतो आणि मेंदू तिथे चित्र भरतो. वेड नव्हे, घाबरायचं कारण नाही. घाबरलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना मी हे कितीदा समजावलं आहे. ताईलाही तेच सांगितलं, त्याच आवाजात.

"हो, मागेही सांगितलं होतंस," ती म्हणाली. "पण चित्रं बाजूला होऊन वाट देतात का?"

मी तिच्या नजरेच्या रोखाने बघितलं.

"ती बाई बघ, कपडे वाळत घालतेय. झग्याची शिवण बाहेरून घेतलीय तिने. उलटी. टाके हाताचे आहेत, पण काय एकसारखे." तिने साठेक पावलांवरच्या रिकाम्या गवताकडे बोट केलं. "आपल्याकडे कुणाला जमायचं नाही."

पश्चिमेच्या कड्याशी एक तुटका बुरूज आहे, त्याच्या दगडावर आम्ही बसलो. खाली सगळा मुलूख पसरला होता. ज्यासाठी आलो ते समोर होतं. मी घसा साफ केला आणि ओळीने सांगायला लागलो: उजवीकडे नदी, तिच्यावर धरणाची भिंत...

"थांब, मी सांगते," ताई म्हणाली. "नदी आहे. बरीच रुंद आहे. धरण नाहीये. पलीकडे नुसतं रान." तिने मान वळवली, बरोबर आमच्या गावाच्या दिशेला. "आपली गल्ली कुठे असेल कळत नाही. तिथे झाडंच आहेत. एका ठिकाणी धूर निघतोय."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तिला गाव दिसलं नाही याचं मलाच फार वाईट वाटलं. एवढं चढवून आणलं आणि हवं होतं ते दाखवता आलं नाही. मग मला राहवलं नाही. मी बोलून टाकलं. आठ महिने, नुसते नंबर बदलणं, डॉक्टरांचं ते वाक्य, सगळं. बोलताना मी दरीकडे बघत होतो.

ताईने माझा हात चाचपला नाही. सरळ धरला.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "बावीस वर्षं तुझ्या भिंतीवर एकच तक्ता आहे. मला तो तोंडपाठ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वाचत नव्हते. म्हणत होते. तू इतकं मन लावून काचा बदलायचास, मला कसं सांगवणार की काही फरक पडत नाहीये म्हणून. दिसायचं बंद झालं त्याला तू काय करणार? मीच फसवलं तुला."

मी रडलो. या वयात, भर दुपारी, बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून. ती माझ्या पाठीवर थापटत राहिली, आई गेली त्या दिवशी थापटत होती तसं. तिने फसवलं याचा राग मला आला नाही. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत बसलो आणि त्यात तिचे डोळे गेले, एवढंच मला कळत होतं.

थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"आली," ती म्हणाली आणि सावरून बसली.

समोर कुणी नव्हतं. गवत मात्र वाऱ्याच्या उलट्या दिशेला वाकलं होतं.

ताईने दोन्ही हात पुढे केले. हातात काही घेतल्यासारखे ते जरा खाली गेले, वजनाने जातात तसे.

"थकलात म्हणून आणलंय म्हणे," ती मला म्हणाली. मग ओठांशी नेलं, मान मागे केली आणि प्यायली. मी तिच्या गळ्याची हालचाल बघितली. एक, दोन, तीन घोट.

तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं.

मी खिशातून रुमाल काढून ते पुसलं. आमची बाटली माझ्या पिशवीत होती, झाकण लावलेली. किल्ल्यातलं पाण्याचं टाकं कोरडं ठणठणीत होतं, येताना मीच त्यात डोकावलो होतो. रुमाल ओला झाला. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिरली.

"तुला विचारतेय, हवंय का," ताई म्हणाली.

"नको म्हणावं."

"नको म्हणतो," ती समोर बघून म्हणाली. मग हसली. "लाजाळू आहे लहानपणापासून."

उतरताना दरवाजाच्या खांबांपाशी ती पुन्हा वाकली आणि पुढच्याच पावलाला ठेचकाळली. मी सावरलं. तिने काठी मागून घेतली, माझं कोपर धरलं. मोठी, छोटी, हलतेय, उजवीकडून. खाली पोचेपर्यंत बरं वाटत होतं, दोघांनाही.

त्याला आता दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले होते तसं मधलं सगळं गेलं. तक्ता मी काढून टाकला, नवा लावला. ताई स्वयंपाकघरात खिडकीशी बसते. त्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते, डोंगर दिसत नाही. तरी रोज सकाळी चहा देताना मी विचारतो, "काय चाललंय वर?" आणि ती सांगते. कुणाचं मूल चालायला लागलं, कुठल्या छताची डागडुजी चाललीय, त्या बाईने कुठला नवा टाका दाखवला. मेंदू चित्र भरतो, मी मनाशी म्हणतो. ती आनंदात असते आणि मला तेवढं पुरतं.

आज सकाळीही विचारलं.

"बुरजामागची खोली झाडून घेतली त्यांनी," ती म्हणाली. "दोन खाटा टाकल्यात. भिंतीकडची तुझी, मी सांगून ठेवलंय."

"माझी कशाला?"

"मग मी एकटी जाऊ?" ताईने कप बशीत ठेवला, न चाचपडता, न वाजवता. "न्यायलाच आलेत. मी म्हटलं, त्याचं अजून दुकान चालू आहे, गिऱ्हाइकं आहेत, असं लगेच कसं येईल? जरा थांबा."

"मग?"

"थांबलेत बिचारे. जिन्यात."

दहा वाजत आले होते. दुकान खाली आहे, आणि आमच्या घराला जिना एकच आहे.