राखून ठेवलेली चाल

ती आली होती फक्त चष्मा द्यायला. खेळांच्या दुकानातल्या काकांचा चष्मा तयार होता आणि डोळे तपासायची तिची खोली शेजारच्याच गाळ्यात, म्हणून म्हटलं देऊन टाकू. पण आतल्या टेबलाभोवती मंडळी हमरीतुमरीवर आली होती. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे राक्षस, फासे, चहाचे कप... आणि मधोमध नियमांचं जाडजूड पुस्तक.

"धावत जायचं, मारायचं आणि परत दाराआड लपायचं. एका पाळीत सगळं बसतंय की!" खेळात तलवारवाला झालेला एकजण ओरडत होता.

तिने उभ्या उभ्याच पान वाचलं. लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणं हाच तिचा धंदा.

"नाही बसत," ती म्हणाली. "एका पाळीत एकच चाल. मारलंत की संपली. लपणं ही वेगळी चाल आहे, खाली लिहिलंय."

टेबलाच्या टोकाला बसून खेळ चालवणाऱ्या तरुणाने मान वर केली. बाहेर पाऊस होता, त्याचे केस अजून ओले होते आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"बसा ना, वकीलबाई. हे लोक मला एकट्याला आवरत नाहीत."

ती बसली, आणि मग दर शनिवारी दुपारी बसतच राहिली. खेळात तिला धनुर्धारी केलं गेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना आठवडाभर बाहेर काढायचा आणि शनिवारी या चौघांना खेळातल्या गुहेत अडकवायचा.

"वकीलबाई, ड्रॅगनला लांबचं दिसत नसेल तर?"

"पाठवा माझ्याकडे, नंबर काढून देते."

"आणि ड्रॅगन चालवणाऱ्याला... तुमच्याशिवाय काहीच दिसत नसेल तर?"

तिने पटकन पुस्तकात डोकं खुपसलं. कान मात्र लाल झाले ते झालेच.

यापुढे गाडी काही सरकेना. आणि एका शनिवारी फासे गोळा करता करता तो म्हणाला, "माझी बदली झालीय. पुढच्या शनिवारनंतरच्या सोमवारी निघायचंय. पुढचा खेळ शेवटचा."

घरी आईने तिचा चेहरा बघूनच ओळखलं.

"अगं, बोलून टाक की. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

"त्याने विचारू दे ना आधी. त्याने विचारलं की मी हो म्हणणारच आहे."

"आणि नाही विचारलं तर?"



शेवटच्या खेळात ड्रॅगन समोर आला. तिची पाळी होती. लगेच मारायचं नसेल तर चाल राखून ठेवता येते, फक्त अट आधी सांगावी लागते. अमुक झालं तर मी तमुक करीन, अशी. ते घडलंच नाही तर पुढच्या पाळीला ती चाल बुडते.

"ड्रॅगनने तोंड उघडलं की घशात बाण सोडीन," तिने ठणकावून सांगितलं.

ड्रॅगनने तोंड उघडलंच नाही. शेपटीच्या एका फटक्यात त्याने तलवारवाल्याला आडवं केलं. पुन्हा तिची पाळी आली.

"आता सोड बाण, शेपटी काय नि तोंड काय!" तलवारवाला कळवळला.

"सोडा वकीलबाई," तोही हळूच म्हणाला. "शेवटचा खेळ आहे... चालेल."

"नाही चालणार. मी अट चुकीची घातली. दुसऱ्याने तोंड उघडण्यावर माझी चाल टांगून ठेवली. ती गेली."

बोलता बोलता तिची तीच थांबली. आईचा प्रश्न आठवला. सोमवारी हा जाणार आणि आपण शनिवारच्या शनिवार असंच कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसणार? छे! तिने पदरचा सगळा धीर गोळा केला.

"ही नवी पाळी आहे," ती म्हणाली. "आता काही राखून ठेवणार नाही. बाण नंतर. आधी... मला तू आवडतोस. बदली झाली तर होऊ दे. शनिवार तिथेही असतो आणि मला येता येतं."

तलवारवाल्याच्या हातातला फासा टेबलाखाली गेला. काकांनी नवा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

खेळ चालवणाऱ्याने समोरचे फासे बाजूला सारले. 

"मीपण राखून ठेवली होती," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मनाशी ठरवलं होतं, ही पुस्तक मिटून माझ्याकडे बघेल तेव्हा बोलायचं. आणि तू... तू कधी मिटलंच नाहीस गं!"

तिने खाली पाहिलं. पुस्तक मांडीवर उघडंच होतं, आजही पानात बोट घालून ठेवलेलं.

"किती वाईट अट होती तुझी," ती म्हणाली.

मग तिने बोट काढलं, पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

"हं. बोल आता."