तळ्याकडची वाट

दुपार टळायच्या आत काम उरकायचं आणि उजेडात घरी परतायचं, एवढाच बेत करून ती फोन कंपनीच्या डोंगरावरच्या केंद्रात आली होती. ऑफिसात तिला सगळे वाटाडी म्हणत. फोन कुठे वळवायचे ते ठरवणारा राउटर आपल्या शेजारच्या राउटरला सारखं सांगत असतो, अमक्या पत्त्याकडे जायचंय ना, मग माझ्याकडून या. त्याने कोणती वाट सांगायची आणि कोणती पोटात ठेवायची, याचे नियम ती लिहून देई.

इथला जुना राउटर मात्र भलतंच सांगत सुटला होता. डोंगराखालचं गाव कधीचंच बुडालं होतं. दरड कोसळून नदी अडली, गावावर तळं झालं आणि ते तसंच राहिलं. गावाचे नेटवर्कवरचे पत्ते पुढे नव्या इस्पितळाला मिळाले. राउटरला त्याचं काय! तो अजून गावाचीच वाट दाखवी आणि इस्पितळाचे तातडीचे फोन तळ्याकडे वळत. एखादा रुग्ण हकनाक जायच्या आत त्याचं तोंड बंद करायला हवं होतं.

बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की भरदिवसा दिवा लावावा लागला. खोलीत पंख्यांची घरघर होती, तापलेल्या धातूचा वास होता. आणि त्याच्या आडून येणारा आणखी एक वास... ओल्या गाळाचा.

कामाला हात घालण्याआधी तिने इस्पितळात फोन लावला.

"सिस्टर, आतापर्यंत किती फोन हुकले?"

"हुकले?" सिस्टर म्हणाली. "एकही नाही हो. कधीकधी आधी पाण्यासारखा आवाज येतो. मग तुमच्या ऑपरेटरबाई म्हणतात, 'पेशंटच्या घरचा फोन आहे, जोडून देते.' फार मायेने बोलतात. परवा एका बाळंतिणीचा नवरा पार गळाठला होता, त्याला त्यांनीच धीर दिला."

आमच्याकडे तर ऑपरेटरच नाही, असं मनाशी म्हणत तिने फोन ठेवला.

ती राउटरच्या मागे गेली. गावाकडे जाणारी तार भिंतीपाशीच कापलेली होती. टोक नुसतं लोंबत होतं. मग टेबलावरच्या फोनवरून तिने त्या बुडालेल्या पत्त्यावर फोन लावला.

आधी पाणी ऐकू आलं. खोल, संथ. मग कुणीतरी म्हणालं, "बोला."

"कोण... कोण बोलतंय?"

"फोन-केंद्रातून बोलतेय. इस्पितळ हवंय ना? घाबरू नका, जोडून देते."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण पळावंसं वाटलं नाही. एखाद्या अफाट गोष्टीच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर माणूस आपोआप गप्प होतो, तशी ती गप्प झाली. डोळे भरून आले. का, ते तिला कळलं नाही.

तळ्याच्या काठावर कंपनीचं खालचं केंद्र होतं. तिथे काम करणारे दादा त्या बुडालेल्या गावचेच. तिने मोबाइलवरून त्यांना फोन केला आणि दोन्ही फोन एकमेकांना टेकवले. तळ्यातून पुन्हा तोच आवाज आला, "बोला."

"माझी ताई आहे ती, गावच्या फोन-केंद्रातली," दादा म्हणाले. "पाणी चढत होतं, तेव्हा घराघरात फोन करून सांगत होती, वर निघा म्हणून. स्वतः मात्र खुर्चीवरून उठली नाही."

"दादा, वाट बंद करावी लागेल. आज त्या जोडून देताहेत. उद्या नाही दिलं तर?"

"कर. तू बरोबर करतेयस." मग अगदी हळू, "सगळीच बंद करणार...?"

तिने नियम लिहिला. इस्पितळाच्या पत्त्यांची वाट थेट इस्पितळाकडे, आणि तळ्याकडची वाट कुणालाही सांगायची नाही. बोटं कळफलकावर थबकली. मग तिने खाली एक अपवाद जोडला. बुडालेल्या फोन-केंद्राचा तेवढा एक पत्ता फक्त दादांच्या राउटरला सांगायचा.

इस्पितळाचे फोन सरळ लागू लागले. "त्या बाईंची बदली झाली का हो?" सिस्टरने विचारलं. "चुकल्याचुकल्यासारखं होतं." दादा मात्र खुलले होते. ताई रोज जेवलास का विचारते, म्हणायचे, आणि केस कापून घे म्हणून रागावते.

मग एका संध्याकाळी दादांचा फोन आला.

"वाटाडी... ताई आज म्हणाली, तुझ्या मागे उभे आहेत त्यांना बसायला सांग. म्हणाली, ही एकच वाट उघडी दिसली, म्हणून पाण्यात राहिलेले सगळे तिकडे आलेत."

"कोण आलंय, दादा?"

"कुणी नाही गं. मी एकटाच आहे." ते कुजबुजले. "मी आपलं म्हटलं, बसा... आता सगळ्या खुर्च्या ओल्या झाल्यात."